अंबादासअण्णा आणि नसलेलं दुकान

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोदामात उभी राहून एका ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडत होते. थंड ठेवायची औषधं त्याने कोमट आणून दिली होती आणि वर 'चालतंय की मॅडम' म्हणत होता. एप्रनच्या खिशात फोन थरथरत होता. दोनदा मी तो कापला. तिसऱ्यांदा घेतला तर पलीकडे लक्ष्मीवहिनी, अण्णांच्या पत्नी. एवढंच म्हणाल्या, "ताई, हे सकाळी उठलेच नाहीत..." मला वाटलं, आज यायला उशीर होईल असं सांगतायत. 'असू दे, सावकाश येऊ द्या' असं मी बोलूनही गेले. मग पलीकडची शांतता लांबत गेली... आणि माझ्या तोंडून निघालेलं वाक्य मला परत गिळावंसं वाटलं. ट्रान्सपोर्टवाला समोर उभाच होता. त्याच्यावर ओरडायचं माझं अर्धं राहिलं होतं, ते तसंच राहिलं.

अंबादास गाजूल हे नाव वाचकांनी ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. जुनी, थकलेली सॉफ्टवेअर्स वाचवायची आणि चालू ठेवूनच नवी करायची, हा त्यांचा व्यवसाय. सोलापुरात नवं सॉफ्टवेअर लिहून देणारे पुष्कळ सापडतात. दुसऱ्याने लिहिलेलं, लिहिणारा आता कुठे आहे हेही माहीत नसलेलं, रोज शेकडो माणसं वापरतायत असं सॉफ्टवेअर उघडून त्यात हात घालणारे अगदी थोडे. मी औषधांच्या एका घाऊक पेढीत फार्मासिस्ट आहे. जिल्ह्यातली गावोगावची मेडिकल दुकानं आणि छोटे दवाखाने वेबसाइटवर आमच्याकडे ऑर्डर टाकतात आणि आमच्या गाड्या माल पोचवतात. ती वेबसाइट अण्णांनी नवी केली. गेल्या काही आठवड्यांत त्यांच्याबद्दल पुष्कळ जण पुष्कळ चांगलं बोलले. मला मात्र त्यांचा एकच दिवस राहून राहून आठवतो. त्यांच्या हातून चूक झाली आणि एका बाईचा जीव टांगणीला लागला, तो दिवस.

आमचं जुनं सॉफ्टवेअर वीसेक वर्षांचं. ज्या मुलाने ते लिहिलं तो परदेशी गेला आणि जाताना सगळीकडे एकच पासवर्ड ठेवून गेला: मालकांच्या पहिल्या गाडीचा नंबर. सर्व्हर एका लोखंडी कपाटात होता. तो तापतो म्हणून कपाटाची दारं काढलेली आणि समोर टेबलफॅन कायमचा सुरू. दुपारी सगळी दुकानं एकदम ऑर्डर टाकायला बसली की स्क्रीन पांढराफटक पडायचा. मग फोन वाजायला लागायचे. कुणाची ऑर्डर दोनदा यायची, कुणाची यायचीच नाही. एकदा असंच एका म्हातारबाबांचं फिटचं औषध त्यांच्या गावाला पोचलं नाही आणि ते गोठ्यात पडलेले सापडले. वाचले ते. पण त्यानंतर आमचे मालक, सुरेशभाऊ, यांनी कुठून तरी अण्णांना शोधून आणलं.

पहिल्याच दिवशी हा माणूस मला आवडला नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तर, आणि 'ऑफिसचा चहा मी पीत नाही' म्हणून बरोबर आणलेला कॉफीचा थर्मास. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि नुसते बघत राहिले. मी म्हटलं, "काय विचारायचंय ते विचारून घ्या, मला कामं आहेत." तर म्हणाले, "विचारायचं काही नाही. तुम्ही करा तुमचं काम." सकाळभर एका परक्या माणसाने आपल्या हातांकडे बघत बसणं काय असतं, ते बसल्याशिवाय कळायचं नाही. जेवायच्या सुमाराला मी भडकलेच. तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही फोनवर आलेली प्रत्येक ऑर्डर दोनदा सेव्ह का करता?" मी म्हटलं, एकदा केली तर जात नाही. "जाते. जाते पण तुम्हाला दिसत नाही. म्हणून केम गावच्या दुकानाला दोन-दोन पेट्या जातात." केमचा दुकानदार पोपटराव गेली कित्येक वर्षं आम्हाला 'एवढं कोण खोकतंय हितं?' म्हणून फोन करून शिव्या घालत होता, त्याचं कारण हे. माणूस बरोबर होता, याचाच मला जास्त राग आला.

अण्णांचं घराणं विणकरांचं. घरी तेलुगू, गोदामात सिद्राममामांशी कानडी, ड्रायव्हर मुबारकशी दखनी, आमच्याशी मराठी. भांडण मात्र चारही भाषांत सारखंच. विणकराचा मुलगा म्हणून सॉफ्टवेअरही छान विणतो, असं कुणी कौतुकाने म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "माझा बाप मागावर उभा राहून पाय सुजवून घेत होता. मी खुर्चीत बसतो. काय संबंध?" कामाची त्यांची तऱ्हा हट्टी होती. आधी सगळ्या माहितीची प्रत काढायची. ती प्रत दुसऱ्या मशिनवर उभी करून चालवून दाखवायची, तरच ती प्रत. मग एकेक भाग नवा लिहायचा, जुन्याच्या शेजारी ठेवायचा, दोन्ही एकाच वेळी चालवायचे आणि संध्याकाळी दोघांची उत्तरं जुळतात का ते बघायचं. जुळली नाहीत तर घरी जायचं नाही. सुरेशभाऊ वैतागायचे. "अहो गाजूल, एकदाच काय ते पाडा आणि नवं बांधा." अण्णा म्हणायचे, "पाडल्यावर खाली कोण राहत होतं ते कळतं."

हे त्यांचंच वाक्य त्यांच्यावर उलटायचं होतं.

एका दुपारी कपाटातून जळका वास आला आणि सर्व्हर बंद पडला. अण्णांनी शहरभर फिरून कुठल्याशा दुरुस्तीच्या दुकानातून तसलाच जुना भाग मिळवला आणि तो बसवून मशिन पुन्हा उठवलं. पण तेवढ्या वेळात जिल्ह्याची औषधं थांबली होती आणि सुरेशभाऊंची झोप उडाली होती. त्यांनी सांगून टाकलं, आता जोडीजोडीने चालवणं पुरे, महिनाभरात उरका. म्हणजे उरलेली सगळी माहिती एकदम नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची. त्याआधी ती साफ करायची, कारण वीस वर्षांत तिच्यात काय काय साचलेलं: बंद पडलेली दुकानं, एकाच दुकानाची तीन नावं, कुणी तरी गंमत म्हणून केलेल्या नोंदी. स्वच्छ माहितीचा अण्णांना भारी अभिमान. त्यांनी आम्हा सगळ्यांना वरच्या खोलीत बसवलं आणि संशयास्पद दुकानांची नावं एकेक करून भिंतीवर दाखवली. त्यांत एक होतं 'आधार मेडिकल, आडवाडी'. परवाना नंबर नाही, फोन नाही, आजवर एकही बिल नाही. फक्त एक ऑर्डर, वर्षानुवर्षं 'प्रलंबित' म्हणून पडून. अण्णांनी विचारलं, "हे दुकान कुणी पाहिलंय?" कुणीच नाही. "आडवाडी कुठे आहे?" ऑर्डर घेणाऱ्या मुली हसायला लागल्या. सुरेशभाऊ म्हणाले, असलं दुकान आपल्याकडे नाही, काढून टाका. माझंही मत तेच. अण्णांनी ते काढलं, त्याची ऑर्डर रद्द केली. खोटं कुणीही बोललं नव्हतं. असलं दुकान खरोखरच जगात कुठे नव्हतं.

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि ते चांगलं होतं, हे मला मान्य करावंच लागलं. दुपारी स्क्रीन पांढरा पडेना. दुकानदारांना आमच्याकडे काय शिल्लक आहे ते मोबाईलवर दिसायला लागलं. मी अण्णांना आमचा ऑफिसचा चहा देऊ केला. त्यांनी तो घेतला, एक घोट प्यायले आणि कप बाजूला ठेवला. पण 'मॅडम'ची मी 'ताई' झाले ती त्याच आठवड्यात.

आणि मग सकाळच्या कामाच्या ऐन गर्दीत मैंदर्गीहून फोन आला. तिथे एक डॉक्टर मॅडम छोटा दवाखाना चालवतात. त्या भराभर बोलत होत्या. एका मेंढपाळ बाईला कुत्रं चावलंय, तोंडावर, गाल फाटलाय. कुत्रं पिसाळलेलं वाटतंय, वाडीतल्या दोन शेळ्यांनाही त्याने फाडलंय. जखम धुतली, लस दिली, पण सीरम नाही. "सरकारी दवाखान्यात विचारलं, तिथला साठा कालच संपलाय. तुमच्याकडे ते कायम असतं म्हणून तुम्हाला केला. गाडी पाठवू का?" वाचकांसाठी थोडं सांगते. रेबीजची लस शरीराला लढायला तयार करते, पण तयार व्हायला दिवस लागतात. तोवर विषाणूला जखमेतच अडवायला सीरम लागतं, ते थेट जखमेत टोचतात. आणि तोंडावरची जखम म्हणजे मेंदू जवळ. जितका उशीर, तितकी भीती. एकदा रोग उठला की पुढे उपाय नाही.

मी स्क्रीनवर पाहिलं. शिल्लक: शून्य. मला पटेना. आमच्या थंड खोलीत सर्वांत खालच्या कप्प्यात सीरमच्या चार कुप्या नेहमी असतात, मी नोकरीला लागले तेव्हापासून असतात. मी जिना उतरून पळाले. सिद्राममामा, आमचे गोदाम सांभाळणारे, स्वेटर घालून थंड खोलीच्या दाराशी बसले होते. खालचा कप्पा रिकामा होता... नुसता पुसून ठेवलेला.

"मामा, यातलं कुठं गेलं?"

"सकाळच्या गाडीनं गेलं की. करमाळ्याला."

"अहो, खालच्या कप्प्याला हात लावायचा नसतो ना?"

"न्हाय लावायचा, व्हय. पन आजवर त्या कप्प्यातला माल काडायची चिठ्ठीच कदी निघाली न्हाय. आज निघाली. मला वाटलं, आता नवीन आलंय, त्येंनीच कप्पा सोडला आसंल."

मी वर आले तेव्हा अण्णांनी माझं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. जुना सर्व्हर त्यांनी बंद करू दिला नव्हता, नुसता कोपऱ्यात चालू ठेवला होता. त्यावर ते सीरमचं नाव शोधत होते. सापडलं तेव्हा त्यांची बोटं थांबली. 'आधार मेडिकल, आडवाडी. कुप्या चार. प्रलंबित.' "ताई," ते म्हणाले, "हे दुकान म्हणजे तुमचा खालचा कप्पा आहे."

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये माल राखून ठेवायची सोयच नव्हती. ऑर्डर आली की साठ्यातून तेवढा माल वजा व्हायचा, एवढंच त्याला कळत होतं. म्हणून कुणी तरी, बहुधा सुरेशभाऊंच्या वडिलांच्या सांगण्यावरून, एक दुकान निर्माण केलं, त्याच्या नावाने एक ऑर्डर टाकली आणि ती कधीच पाठवली नाही. चार कुप्या विकायच्या मालातून कायमच्या वजा. नवा माल आला की मामा नव्या कुप्या खाली ठेवायचे आणि जुन्या विकायला काढायचे. ज्याने हे केलं तो कारकून निवृत्त होऊन गेला. वरच्यांना दुकान माहीत, कप्प्याचा संबंध माहीत नाही. खालच्यांना कप्पा माहीत, दुकान माहीत नाही. मी तर वर्षानुवर्षं समजत होते, की तो कप्पा राखीव राहतो तो सिद्राममामांच्या धाकामुळे. दुकान रद्द झालं, चार कुप्या 'उपलब्ध' झाल्या, करमाळ्याच्या एका दवाखान्याने त्या मोबाईलवर पाहिल्या आणि मागवल्या. मैंदर्गी सोलापूर जिल्ह्याच्या एका टोकाला, करमाळा दुसऱ्या टोकाला.

सुरेशभाऊ केबिनमधून बाहेर आले. "मुबारकला फोन लावा, गाडी फिरवायला सांगा." अण्णा म्हणाले, आधी करमाळ्याला फोन. "त्यांच्याकडेही कुणी चावलेलं असेल तर? मग कुणाचं काढून कुणाला देणार?" मला हे सुचलं नव्हतं. फोन लागला, तिथल्या माणसाने 'बघतो' म्हणून रिसिव्हर बाजूला ठेवला आणि आम्ही तिघे त्या रिसिव्हरमधून येणारे दवाखान्यातले आवाज ऐकत उभे राहिलो. कुणाचं तरी मूल रडत होतं. ते सीरमवालं मूल असू नये, असं मी मनात म्हटलं आणि मलाच स्वतःची लाज वाटली... शेवटी माणूस आला. पेशंट कुणी नाही, ठेवायला म्हणून मागवलं होतं, खुशाल परत न्या.

आता मुबारक. त्याचा फोन लागेना. नव्या सॉफ्टवेअरने त्याला अंतराप्रमाणे थांबे आखून दिले होते. त्याप्रमाणे तो आत्ता कुर्डुवाडीच्या आसपास असायला हवा होता. सिद्राममामा जिन्यात येऊन उभे होते. म्हणाले, "तेनं काय त्या कागदापरमानं जातंय व्हय? आदी केम. तितं तेला च्या लागतो." मी पोपटरावांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "मुबारक? ह्यो काय, माज्या दुकानात बशी तोंडाला लावून बसलाय. देऊ का?"

मुबारकने बर्फाची पेटी उघडून पाहिली. "है मॅडम, चारों हैं. बोलो, गाडी घुमाऊं?" सुरेशभाऊ हातवारे करत होते, घुमाव, घुमाव. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "नहीं मुबारकभाई. तुम आगे जाओ." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "त्या गाडीत पुढच्या सगळ्या दुकानांची औषधं आहेत. माझ्या एका चुकीपायी त्यांना उपाशी ठेवायचं नाही." सुरेशभाऊ त्यांच्यावर अक्षरशः ओरडले. अण्णाही ओरडले. तेवढ्यात फोनमधून पोपटराव ओरडले, "आवो भांडताय काय! सोलापूरला जायची रेल्वे येतीया आता. द्या ती पेटी हिकडं, मी सवता घेऊन येतो. दुकान बघंल की मालकीण." ज्या माणसाला आम्ही वर्षानुवर्षं नको असताना खोकल्याच्या औषधाच्या दोन-दोन पेट्या पाठवल्या, तो दुकान सोडून धावला.

मी आणि अण्णा माझ्या गाडीने स्टेशनवर गेलो. फ्रिजमधले बर्फाचे नवे पॅक बरोबर घेतले होते. रेल्वे मोबाईलवर बाळे स्टेशनापाशी येऊन थांबलेली दिसत होती. तिथून सोलापूर म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण सिग्नल मिळेना. डॉक्टर मॅडमचा पुन्हा फोन आला. बाई घरी जाते म्हणतेय, घाबरलीय, सुई नको म्हणतेय. मी त्यांना तिला थांबवायला सांगत होते. अण्णा प्लॅटफॉर्मच्या अगदी कडेला जाऊन उभे होते. हमालाने त्यांना दोनदा मागे ओढलं. त्यांचा तो कडक शर्ट पाठीला चिकटला होता. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं आणि प्यायलाच विसरले. मनातून मी त्यांच्यावर चिडलेलेच होते, आणि त्यांची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम सांभाळता येत नव्हतं.

गाडी आली. पोपटराव डब्याच्या दारात पेटी पोटाशी धरून उभे. पेटीला काटा असतो, आत किती थंड आहे ते दाखवणारा. तो आठ अंशांच्या वर गेला तर औषधाचा भरवसा उरत नाही. तो वाचायचं काम माझं. अण्णा माझ्याकडे बघत होते. काटा सातवर होता, आठकडे झुकलेला. आठच्या पुढे असता तर ती कुपी मी कुणालाही टोचू दिली नसती, मग समोर कुणीही असो. मी बर्फ बदलला आणि म्हटलं, "चला."

अक्कलकोटच्या रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, एकामागे एक. मी हॉर्न वाजवत होते, अण्णा पेटी मांडीवर घेऊन बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी विचारलं होतं, ताई. सगळ्यांना बसवून विचारलं होतं." मी म्हटलं, हो, विचारलं होतंत. "पण दुकान आहे का, असं विचारलं. या ऑर्डरमुळे काय थांबून राहिलंय, असं विचारायला पाहिजे होतं. आणि मामांना वर बोलावलंच नाही..." मी पुढच्या ट्रॅक्टरला पुन्हा हॉर्न दिला.

मैंदर्गीत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दवाखान्याच्या बाकावर गंगव्वा बसली होती. गालावर ओली गॉजपट्टी, लुगड्यावर वाळलेलं रक्त, आणि मांडीवर एक शेळीचं पिल्लू. ते तिच्यापासून काढून घ्यायचा डॉक्टर मॅडमनी बराच प्रयत्न केला होता म्हणे. त्याला वाचवायला मध्ये पडली आणि कुत्र्याने तिलाच धरलं. मॅडमनी कुपी हातात घेतली आणि आत वळल्या. गालाच्या जखमेत सुई घालणं म्हणजे काय ते ऐकवत नव्हतं. अण्णा बाहेर उभे राहिले, पिल्लू त्यांच्या हातात. ते त्यांचा शर्ट चघळत होतं आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. गंगव्वा बाहेर आली तशी ते पुढे झाले आणि म्हणाले, "अव्वा, माझ्यामुळं उशीर झाला. औषध इथं जवळच होतं. मी ते लांब घालवलं." त्यांना सांगायची काही गरज नव्हती. तिला कळण्यासारखंही नव्हतं. सुजलेल्या तोंडाने तिला नीट बोलता येत नव्हतं. "आला की तुमी," ती म्हणाली आणि पिल्लू मागून घेतलं.

पण खरी परीक्षा पुढे होती. हा रोग उठायचा तर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतो. तोवर कुणीच काही सांगू शकत नाही. गंगव्वाचे लसीचे सगळे डोस होईपर्यंत अण्णांनी डॉक्टर मॅडमना फोन करून करून हैराण केलं. नंतरही चालूच. माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचे, "मैंदर्गीहून काही?" मी म्हणायची, काही नाही. 'काही नाही' ही चांगली बातमी आहे, हे दोघांनाही माहीत असूनही दोघांनाही ते पुरायचं नाही. पावसाळा आला आणि गेला. एके दिवशी मॅडमनीच फोन केला. गंगव्वा सर्दीचं औषध न्यायला आली होती, गालावर वण आहे, बाकी ठणठणीत, आणि ते पिल्लू आता व्यायलंय. अण्णांनी ऐकलं, मान हलवली आणि माझ्या टेबलावरचा ऑफिसचा चहा सगळाच्या सगळा पिऊन टाकला.

सुरेशभाऊ म्हणाले होते, झालं गेलं, विसरून जा, बाहेर बोलू नका. अण्णा विसरायला तयार नव्हते. त्यांनी राखीव मालाची सोय नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघड, सर्वांना दिसेल अशी केली. सिद्राममामांना वर आणून खुर्चीत बसवलं आणि गोदामातल्या प्रत्येक कप्प्याला काय म्हणतात ते त्यांच्या तोंडून ऐकून तीच नावं स्क्रीनवर घातली. आणि एक चौकट टाकली. यापुढे कुणीही काहीही बंद करायला गेलं, दुकान असो, औषध असो, की वापरात नसलेलं एखादं लॉगिन, तर सॉफ्टवेअर आधी विचारतं: 'कुणाला विचारलं? ते काय म्हणाले?' उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. सुरुवातीला मी कंटाळून तिथे नुसतेच ठिपके ठोकून बघितले. ठिपके चालत नाहीत. 'ओके' चालत नाही. मी काय काय करीन ते सगळं त्यांनी आधीच ओळखलं होतं. माणसाचं नाव लागतं.

गेल्या आठवड्यात वापरात नसलेल्या लॉगिनची यादी माझ्या स्क्रीनवर आली. ती अशी अधूनमधून येते. तिच्यात एकच नाव होतं. कामावर नसलेल्या माणसाचं लॉगिन उघडं ठेवू नये, हे मला त्यांनीच शिकवलं होतं, तेही चांगलं खडसावून. म्हणून मी 'बंद करा' दाबलं. चौकट उघडली. कुणाला विचारलं... लक्ष्मीवहिनींना असलं काही विचारायला जाण्याची माझी हिंमत नव्हती. मग उठले आणि खाली गोदामात गेले. सिद्राममामा थंड खोलीच्या दाराशी होते. मी म्हटलं, "मामा, वर अण्णांचं नाव अजून चालू आहे. बंद करायचंय. विचारायला आलेय."

मामांनी स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. खालच्या कप्प्याकडे एकदा बघितलं.

"ऱ्हाऊ द्या की," ते म्हणाले. "तेनं कुनाची जागा अडीवलीया?"

मी वर आले आणि चौकटीत लिहिलं: सिद्राममामांना विचारलं. नको म्हणाले. सॉफ्टवेअरने ते मान्य केलं आणि अण्णांचं नाव चालू ठेवलं.